यंत्र निवडण्याआधी हवेची वाट ठरवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. कोल्हापुरात कळंब्याकडे दीड हजार चौरस फुटांचं दुमजली घर बांधताय. दोन्ही स्लॅब पडले, वीटकाम झालं, गिलावा अजून लागायचा आहे. घरात सहा माणसं, त्यांत आईंना दमा. अक्षय तृतीयेला राहायला जायचा विचार आहे. जर्मनीतला भाऊ म्हणतो, पूर्ण घराला हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन बसव. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, स्वयंपाकघर आणि बाथरूमला एक्झॉस्ट फॅन लावला की विषय संपला. सासरे शिरोलीच्या फाउंड्रीत नोकरी केलेले, त्यांचं म्हणणं जिन्याच्या डोक्यावर टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे वाऱ्याने फिरणारा गोल पंखा, बसवावा. यातलं कुणाचं ऐकायचं, हा तुमचा प्रश्न.

मी बावीस वर्षं हेच काम करतोय. सुरुवात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या शेडमधून धूर आणि उष्णता बाहेर काढण्यापासून झाली, गेली बारा-तेरा वर्षं जास्त काम घरांचं आहे. या अनुभवावरून सांगतो, की कुठलं यंत्र घ्यायचं हा तुमचा आजचा प्रश्नच नाही. हवा कुठून आत येणार आणि कुठून बाहेर जाणार, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर गिलावा लागायच्या आत द्यावं लागतं. फॅन दोन वर्षांनी बदलता येतो, पण भिंतीतलं भोक चुकीच्या जागी पडलं तर ते घर असेपर्यंत तिथंच राहतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. शेजारच्या प्लॉटवर घर उठलंय का, आणि किती फुटांवर? घर रस्त्याला लागून आहे का? एसी किती खोल्यांत लावणार? कपडे पावसाळ्यात कुठे वाळत घालणार? हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे मी पुढे सांगतोय ते सर्वसाधारण मोकळ्या प्लॉटवरच्या घरासाठी. पश्चिमेला चार-पाच फुटांवर तिमजली इमारत उभी असेल तर वाऱ्याबद्दलचं माझं अर्धं म्हणणं तुम्हाला लागू होणार नाही, मग जिन्याचा भाग जास्त महत्त्वाचा ठरेल.

आता भावाचं म्हणणं. ते जिथं राहतात तिथं ते शंभर टक्के बरोबर आहे. जर्मनीत नवं घर हवाबंद बांधतात. खिडकीला रबराच्या दोन-दोन पट्ट्या, भिंतीला जाड उष्णतारोधक थर. बाहेर शून्य अंश असताना आत 20 अंश ठेवायचे असतात, तेव्हा खिडकी उघडली की पैसे देऊन तापवलेली हवा निघून जाते. म्हणून बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला द्यायची, हे त्या यंत्राचं काम. गंमत म्हणजे इतकं असूनही तिथली माणसं दिवसातून दोनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडतात, भावाला विचारा.

आपल्याकडे हिशोब वेगळा आहे. कोल्हापुरात मे महिन्यात दुपारी 36-37 अंश, कधी त्याहून जास्त, पण पहाटे पारा 22-23 पर्यंत उतरतो. म्हणजे रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड असते, आणि ती आपल्याला जशीच्या तशी हवी असते. अशा वेळी उष्णता अदलाबदल करणारं यंत्र चालू ठेवलं तर ते आत येणाऱ्या गार हवेला आतल्या गरम हवेने तापवतं! त्या यंत्रांत हे टाळायला बायपास, म्हणजे अदलाबदल न करता हवा थेट आत घेणारी वाट, असतो, पण मग यंत्र कशासाठी घेतलं? पावसाळ्यात आत-बाहेर दोन-तीन अंशांचाच फरक, तिथं वाचवायला काही नाहीच. आणि ओल आपोआप कमी होईल म्हणावं तर तेही नाही, कारण बाहेरची हवा तितकीच ओली असते. पूर्ण घर बारा महिने एसीवर असेल, किंवा घर हायवेला चिकटून असेल आणि खिडक्या उघडणं शक्यच नसेल, तर मी हे यंत्र सुचवतो. तुमच्या घराला त्यावर काही लाख घालू नका. त्यातल्या थोड्या पैशांत खिडक्या चांगल्या घ्या.

खिडक्यांपासूनच सुरुवात करतो, कारण इथं जितकं नुकसान होतं तितकं कुठंच होत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या मानाने उघडणाऱ्या खिडकीचं प्रमाण दिलंय: कोरड्या उष्ण हवामानाला एक दशांश, दमट उष्ण हवामानाला एक षष्ठांश. आपला जुलै-ऑगस्ट लक्षात घेता मी एक षष्ठांशच धरतो. 10 बाय 12 ची खोली म्हणजे 120 चौरस फूट, तिला 20 चौरस फूट उघडी जागा हवी. आता तुमच्या नकाशात बहुतेक 4 बाय 4 ची सरकती खिडकी असेल. दिसायला 16 चौरस फूट, पण दोन पट्ट्यांच्या (ट्रॅकच्या) सरकत्या खिडकीत एक काच नेहमी दुसरीच्या मागे असते, उघडते फक्त अर्धी. म्हणजे 8. त्यावर डासांची जाळी, तिनं साधारण तिसरा हिस्सा तरी वारा अडवला. हातात राहिले पाच-साडेपाच चौरस फूट. वीस हवे होते, पाच मिळाले. मग लोक म्हणतात घर कोंदट वाटतं, एक्झॉस्ट लावा.

म्हणून जिथं जमेल तिथं बाहेर उघडणारी, बिजागरीची खिडकी घ्या. ती पूर्ण उघडते. तिला आकडी मजबूत हवी, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात दार आपटून काच फुटते. सरकतीच घ्यायची असेल तर तीन पट्ट्यांत तीन काचा घ्या, म्हणजे दोन तृतीयांश उघडेल, आणि जाळी वेगळ्या चौकटीत बसवा. शिवाय प्रत्येक खोलीत दोन वेगवेगळ्या भिंतींना उघडी जागा हवी. एकाच भिंतीतल्या दोन खिडक्या वाऱ्याच्या दृष्टीने एकच खिडकी. दुसऱ्या भिंतीत खिडकीला जागा नसेल तर दाराच्या वर झरोका ठेवा. आपल्या जुन्या कौलारू घरांत पुढच्या सोप्यापासून मागच्या परड्यापर्यंत दारं एका रेषेत असायची आणि धूर कौलांच्या फटीतून निघून जायचा. आता वर स्लॅब आला, दारावरचे झरोके गेले, आणि गरम हवा छताखालच्या दोन-अडीच फुटांत अडकून बसली. खिडकीचा वरचा कडा सात फुटांवर आणि छत दहा फुटांवर असेल, तर मधली तीन फूट हवा जाणार कुठून?

कोल्हापूरचा वारा एकदा समजून घ्या. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो पश्चिम-नैऋत्येकडून येतो, पाऊसही त्याच बाजूने आडवा मारतो. उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेकडूनच झुळूक येते आणि ती फार सुखाची असते. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून, आणि हा काळ उसाच्या गाळपाचा. पाचट जाळलेला धूर, गुऱ्हाळांचा धूर संध्याकाळनंतर खाली बसतो, सकाळी गच्चीवर काळी राख सापडते. यातून दोन गोष्टी निघतात. पश्चिमेची खिडकी हवीच, पण तिच्यावर दोन फुटांचा छज्जा आणि बाजूला आडोसा हवा, नाहीतर चार महिने ती बंदच राहील. आणि हवा बाहेर काढणारं प्रत्येक भोक, म्हणजे एक्झॉस्ट, चिमणीचा पाइप, जिन्यावरचे लूव्हर (तिरक्या पट्ट्यांची झडप), शक्यतो पूर्वेला किंवा दक्षिणेला हवं. पश्चिमेला लावलेला एक्झॉस्ट आषाढात वाऱ्याशी झुंजत राहतो आणि त्याच्या पाकळ्यांतून पाणी आत येतं. वास्तूप्रमाणे तुमचं स्वयंपाकघर आग्नेयेला असेल तर या बाबतीत ते उत्तम आहे: पश्चिमेचा वारा घरातून फिरून आग्नेयेला येतो आणि फोडणीचा वास घरात न फिरता बाहेर जातो.

आता जिना. सासऱ्यांचा टर्बो व्हेंटिलेटर शेडमध्ये छान चालतो, कारण शेडला खाली मोठी दारं सताड उघडी असतात आणि आत भट्टीची प्रचंड उष्णता असते. घरात तो फिरतो, पण खालून हवा यायला वाट नसेल तर नुसताच फिरतो. शिवाय हिवाळ्यात तो बंद करता येत नाही, आणि स्लॅबला भोक पाडून बसवल्यावर त्याच्या बुडाची गळती थांबवणं दरवर्षीचं काम होऊन बसतं. मात्र त्यांच्या म्हणण्यामागचं तत्त्व खरं आहे. गरम हवा वर जाते आणि जिना हे तुमच्या घरातलं सगळ्यात मोठं धुराडं आहे. त्याचा उपयोग टर्बोशिवाय करता येतो.

जिन्याच्या टोपीच्या, म्हणजे गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीच्या, पूर्वेकडच्या भिंतीत, छतालगत, काचेचे लूव्हर किंवा आडवी उघडणारी खिडकी बसवा. खालच्या मजल्यावर तेवढीच उघडी जागा ठेवा. समजा वर 5 चौरस फूट, खाली 5 चौरस फूट, दोन्हींत 20 फुटांचं अंतर आणि रात्री आतली हवा बाहेरच्यापेक्षा फक्त 3 अंश गरम. एवढ्यावर ढोबळमानाने ताशी सातशे-साडेसातशे घनमीटर हवा विजेशिवाय बदलते. बाथरूमचा लहान एक्झॉस्ट याच्या निम्मीही हवा काढत नाही. मे महिन्यात माझा नियम सोपा आहे: सकाळी नऊला खालच्या खिडक्या आणि पडदे बंद, सूर्य मावळला की सगळं उघडायचं, जिन्यावरचे लूव्हर रात्रभर उघडे. भिंती रात्रभर थंड होतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत त्या थंडाव्यावर घर चालतं. यासाठी खालच्या खिडक्यांना चांगलं ग्रिल हवं, कारण रात्री उघडी ठेवायची भीती वाटली तर सगळा हिशोब कोसळतो. एक मर्यादा सांगतो. वरच्या मजल्याचं छत तापून जी धग खाली मारते ती कुठल्याही व्हेंटिलेशनने जात नाही, त्याला गच्चीवर पांढरा लेप किंवा चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थरच पाहिजे.

स्वयंपाकघराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कोल्हापुरी घराची खरी परीक्षा तिथं होते. राजारामपुरीतल्या एका नव्या घरात मला बोलावलं होतं. एप्रिलचे दिवस, वर्षाची कांदा-लसूण चटणी करायची होती. कढईत ब्याडगी आणि लवंगी मिरची भाजायला घेतली, बारा इंची एक्झॉस्ट गरगर फिरत होता, आणि तरी वरच्या मजल्यावर अभ्यासाला बसलेली मुलगी खोकत खाली आली. मालकांचा आग्रह, फॅन लहान पडतोय, अजून मोठा द्या. मी देवघरातून एक उदबत्ती मागून घेतली. ती शेगडीजवळ धरली, तर धूर सरळ वर गेला, मग जिन्याकडे वळला. फॅनजवळ धरली, तर धूर झपकन आत ओढला गेला. मग फॅनशेजारी दोन फुटांवर असलेल्या उघड्या खिडकीत धरली: धूर खिडकीतून आत येऊन थेट फॅनमधून बाहेर! फॅन खिडकीतून येणारी ताजी हवाच बाहेर फेकत होता, शेगडीवरच्या हवेला तो शिवतही नव्हता. ती खिडकी बंद केली, समोरच्या परड्याचं दार उघडलं, पुन्हा उदबत्ती शेगडीवर धरली. धूर आडवा झाला आणि फॅनकडे निघाला. त्या दिवशी मी एक रुपयाचंही सामान विकलं नाही. पण त्या बाई आजही चटणीच्या दिवसांत तीच खिडकी लावून घेतात आणि परड्याचं दार उघडतात.

यातला नियम तुमच्या नकाशावर आत्ताच लावा. एक्झॉस्ट शेगडीच्या बाजूच्या भिंतीत छतालगत, आणि हवा आत येण्याची वाट त्याच्या समोरच्या टोकाला, म्हणजे मधल्या वाटेवर शेगडी येईल. फॅनच्या मापाचा हिशोब असा: 10 बाय 10 चं स्वयंपाकघर, 10 फूट उंची, म्हणजे 1000 घनफूट, सुमारे 28 घनमीटर. स्वयंपाक चालू असताना तासाला पंधरा-वीस वेळा हवा बदलावी, म्हणजे 420 ते 560 घनमीटर. खोक्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, पाकळ्या, पाइप लागल्यावर तो बराच खाली येतो, म्हणून खोक्यावर 800-900 असलेला नऊ किंवा बारा इंची फॅन घ्या.

चिमणी घेणार असाल तर ती धूर बाहेर टाकणारीच घ्या. कोळशाच्या फिल्टरमधून हवा परत खोलीत सोडणारी चिमणी वास थोडा कमी करते, वाफ आणि उष्णता जिथल्या तिथंच. पाइप 6 इंची आणि शेवटपर्यंत 6 इंचीच. सुतार कपाटात बसवायच्या सोयीसाठी तो 4 इंचाचा करतात, तिथंच निम्मी ताकद गेली आणि आवाज दुप्पट झाला. वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. शेगडीपासून उंची 24 ते 30 इंच. आपल्या रश्श्याच्या तेलाला जाडजूड बॅफल फिल्टर (धातूच्या वाकड्या पट्ट्यांचा) बरा, घासून धुता येतो.

आणि एक गोष्ट सुरक्षेची. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो, वरच्या एक्झॉस्टचा तिथं उपयोग नाही. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं आणि परड्याच्या दाराखाली फट ठेवाच. गॅसचा वास आला तर फॅनचं बटण दाबायचं नाही. दारं-खिडक्या उघडायच्या आणि रेग्युलेटर बंद करायचा.

बाथरूमला सहा इंची फॅन पुरतो. 5 बाय 8 च्या बाथरूममध्ये सव्वाअकरा घनमीटर हवा असते, ती तासाला आठ-दहा वेळा बदलली की झालं. चूक होते ती दाराखाली. उंबऱ्याला ग्रॅनाइटची पट्टी, त्यावर घट्ट बसणारं दार, बाहेरून खिडकी बंद. फॅन चालतो, पण हवा येणार कुठून? अशा बाथरूममध्ये मी फॅनच्या तोंडाला वर्तमानपत्राचा कागद लावून बघतो. दार बंद असताना कागद खाली पडतो, दार बोटभर उघडलं की कागद चिकटतो. सुताराला सांगून दार खालून पाऊण इंच कापून घ्या, किंवा खालच्या भागात पाकळ्यांची जाळी बसवा. अंघोळ झाल्यावर फॅन वीस मिनिटं चालू राहू दे, त्यासाठी टायमरचं बटण मिळतं.

गॅस गीझर मात्र बाथरूमच्या आत लावूच नका. हे मी हात जोडून सांगतोय. गॅस गीझर खोलीतला प्राणवायू जाळतो, हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस खाली बसतो आणि उठत नाही. लोकांना वाटतं एक्झॉस्ट लावला की धोका टळला. बंद बाथरूममध्ये एक्झॉस्ट उलट गीझरच्या धुराड्यातला धूर मागे ओढू शकतो. गीझर बाहेर, मोकळ्या ड्राय बाल्कनीत किंवा परड्याच्या भिंतीवर, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. सोलर किंवा विजेचा लावणार असाल तर हा प्रश्नच येत नाही.

आता झोपायच्या खोल्या आणि तुमच्या आई. खिडकी उघडी ठेवून झोपत असाल तर यंत्राची गरज नाही. प्रश्न एसीचा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच थंड करून परत सोडतो. 10 बाय 12 ची खोली घट्ट बंद असेल तर दोन माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड तासाला सहाशे-सातशे पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) वाढतो. बाहेर तो साधारण 420 असतो. पहाटे डोकं जड वाटतं, त्याचं एक कारण हे. एअर प्युरिफायर धूळ पकडतो, पण ताजी हवा आणत नाही, हेही लक्षात ठेवा.

आईंच्या खोलीसाठी मी हे करीन. खोली पूर्वेची किंवा आग्नेयेची, सकाळचं ऊन पलंगावर येईल अशी. पश्चिमेची भिंत त्यांना अजिबात नको, कारण पावसाळ्यात तीच ओली राहते, आणि बुरशी व गादीतले सूक्ष्म कीटक दोन्हींना ओल लागते. दम्याला हे दोन्ही त्रास देतात. पूर्वेच्या भिंतीत, जमिनीपासून सात-आठ फुटांवर, 4 इंची पाइप ठेवा. त्यात फिल्टर असलेला लहान, आवाज न करणारा पंखा बसेल. तो बाहेरची हवा गाळून आत ढकलतो. दोन माणसांना ताशी 50 घनमीटर पुरते, एवढ्याला फार वीज लागत नाही. दाराखाली फट ठेवली की वापरलेली हवा जिन्याकडे निघून जाते. गाळपाच्या दिवसांत बाहेर धूर असताना खिडकी बंद ठेवूनही त्यांना गाळलेली हवा मिळेल. जुलै-ऑगस्टमध्ये एसीचा ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, लावा आणि एक साधा आर्द्रता मोजायचा काटा खोलीत टांगा. काटा सतत 70 टक्क्यांच्या वर राहत असेल तर त्या खोलीत ओले कपडे वाळत घालता कामा नयेत. एका धुण्यातून दोन-तीन लिटर पाणी हवेत जातं. बाकी औषधाचं डॉक्टर सांगतील तेच.

म्हणजे आत्तापर्यंत तुमच्या घराला लागणारी यंत्रं इतकीच झाली: स्वयंपाकघराचा एक एक्झॉस्ट किंवा चिमणी, बाथरूमचे लहान फॅन, आणि आईंच्या खोलीचा एक गाळणीचा पंखा. बाकी सगळं खिडक्या, झरोके, जिना आणि दाराखालच्या फटींवर. कॉन्ट्रॅक्टर अगदी चूक नव्हता, फक्त हवा आत कुठून येणार हे त्याने सांगितलं नाही.

गिलाव्याआधी भिंतीत पीव्हीसीचे तुकडे बसवून घ्या. स्वयंपाकघरात चिमणीसाठी 6 इंची, फॅनसाठी त्याच्या मापाची चौकट, आणि एसी लागू शकेल अशा प्रत्येक खोलीत 4 इंची, आज वापरायचा नसला तरी टोपण लावून. पाइप बाहेरच्या बाजूला अर्धा इंच उतरता, म्हणजे झड आली तरी पाणी बाहेरच पडेल. बाहेर पाऊस अडवणारी टोपी आणि आतून बारीक तारेची जाळी, नाहीतर पहिल्याच वर्षी पारवे घरटं करतात. प्रत्येक पाइपजवळ विजेचा पॉइंट काढून ठेवा. हे सगळं मिळून गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे. नंतर कोर कटिंग करून, म्हणजे यंत्राने भिंतीत गोल भोक पाडून, गिलावा आणि रंग खराब करायचा तर त्याच्या कितीतरी पट खर्च.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारला नव्हता, पण अक्षय तृतीया वाचली म्हणून लिहितो. नव्या घरात प्रचंड पाणी असतं. ढोबळ हिशोब करू. दीड हजार फुटांच्या घराला सहाशेच्या आसपास सिमेंटची पोती लागतात. 50 किलोच्या पोत्याला साधारण 25 लिटर पाणी. सिमेंट त्यातलं वजनाच्या पाव भाग, म्हणजे बारा-साडेबारा लिटर कायमचं धरून ठेवतं, उरलेलं उडून जायला हवं. म्हणजे सात-आठ हजार लिटर, आणि यात विटा भिजवलेलं, स्लॅबवर तळी करून साठवलेलं, गिलाव्यावर मारलेलं पाणी धरलेलंच नाही. एवढं पाणी भिंतींतून निघायला एक-दोन वर्षं लागतात. तुम्ही एप्रिल-मेमध्ये राहायला जाणार आणि जूनमध्ये पाऊस लागणार.

माझ्या स्वतःच्या घरात हेच झालं. वास्तुशांतीनंतर पाचच आठवड्यांत पाऊस सुरू झाला. पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून प्लायवूडचं कपाट केलं होतं. श्रावणात बायकोनं मंगळागौरीला शालू काढला, तर घड्यांवर पांढरी बुरशी आणि कपाटाच्या पाठीला हाताला लागेल अशी ओल. शालू वाचला नाही. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या घराला सांगतो: पहिला पावसाळा जाईपर्यंत पश्चिमेच्या भिंतीला कायमचं फर्निचर नको. कपाट ठेवायचंच तर भिंतीपासून चार इंच सोडून, पायांवर उभं, खालून-वरून हवा फिरेल असं. वॉलपेपर नको, ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट नको. पहिल्या वर्षी प्रायमर आणि साधा डिस्टेंपर मारा, त्यातून भिंतीला श्वास घेता येतो. चांगला रंग पुढच्या दिवाळीला. पावसाची उघडीप मिळाली की, दुपारी दोन तास का होईना, सगळ्या खिडक्या आणि जिन्यावरचे लूव्हर उघडून पंखे लावा. कपाटांची दारंही उघडी टाका.

खिडक्यांची ऑर्डर अजून दिली नसेल तर दोन दिवस थांबा. नकाशावर उत्तर दिशा, शेजारच्या इमारतींचं अंतर आणि एसीच्या खोल्या खुणा करून पाठवा. झरोके आणि पाइप कुठं यायला हवेत ते मी त्यावर पेन्सिलने मांडून देतो. गवंडी गिलाव्याला लागण्याआधी तो कागद तुमच्या हातात असेल.